कालवांची पेटी पोचली

सोलापूर, रविवार दुपार

आदरणीय व्याही रघुवीरराव यांस आदिनाथचा सप्रेम नमस्कार.

विहीणबाईंचा खोकला आणि आपला गुडघा आता बरा असावा. सुकन्याला पाचवा लागला, डॉक्टर समाधानी आहेत. आमच्याकडे (माझा डावा अंगठा सोडला तर) सगळे खुशाल.

आपली पेटी काल सकाळी देवगडच्या गाडीनं पोचली. सुकन्या आणि आमचा सोमेश दवाखान्यात होते, म्हणून मीच दोरी न कापता, नुसती सरकवून, उघडली. पोरीला पंधरा दिवसांपासून तळलेल्या कालवांचे डोहाळे लागलेत हे घरात सर्वांना ठाऊक. पण कालव दिसतं कसं, हे मला साठ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. (आमच्याकडे मासा म्हणजे उजनी धरणातला. त्याला निदान डोळे तरी असतात.) पेटीत नुसता बर्फ आणि दगड! कालवं वाटेत कुणीतरी लांबवली आणि वजनाला दगड भरले, अशी माझी खात्री झाली. दगड मात्र दिसायला बरे होते, म्हणून धुऊन जास्वंदीच्या कुंडीभोवती गोल मांडले. दहाच मिनिटांत सून आली, कुंडीकडे बघितलं आणि पायरीवर मटकन बसली. मला वाटलं, कळा सुरू झाल्या. ती हसत होती.

ते दगड म्हणजेच शिंपल्यात मिटलेली कालवं! मग उघडण्याचा प्रश्न. शेजारच्या हारूनचं स्कूटरचं गॅरेज आहे, तो पाने आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. तासाभरात एक कालव आणि एक अंगठा उघडला. "काका, ह्ये खायचं न्हाय, ह्यानं घर बांधायचं," असं म्हणून तो गेला. त्यानंतर सुकन्या शांतपणे म्हणाली, "पप्पा, वाफ दिली की आपोआप तोंड उघडतात." (हे ती आधीपासून सांगत होती म्हणे. ठोकाठोकीत ऐकू आलं नाही.)

कच्च्या वासानं तिला मळमळू लागलं, म्हणून तिला बाहेर खुर्चीवर बसवलं. ती खिडकीतून सूचना देणार, मी तळणार. आमची सौ. रंभा मटण उत्तम करते, पण "असलं लिबलिबीत माझ्या कढईत न्हाय जायचं," म्हणून तिनं पापडाची जुनी कढई पुढं केली आणि स्वतः दारात उभी राहिली, बघायला. रवा सकाळच्या उपम्यात संपलेला. मी चहाचे टोस्ट कुटले. ते वेलचीचे गोड निघाले, तर त्यावर उतारा म्हणून घरचं काळं तिखट घातलं, जरा सढळ. कालवं नीट पुसायची असतात ही सूचना खिडकीतून आत यायला आणि ती तेलात पडायला एकच गाठ पडली. असे फटाके उडाले की मी सोमेशचं हेल्मेट आणि रेनकोट घालून बाकीचा घाणा काढला. काच वाफेनं धूसर, त्यामुळं रंगाचा अंदाज सौ. सांगत होती: "लाल झाले. आता काळे झाले. आता काडा की!"

सुकन्यानं चौदा खाल्ली. प्रत्येक घासाला म्हणत होती, "हे चुकलंय, बाबा असं करत नाहीत," आणि पुढचं उचलत होती. डोळ्यांतून धारा. मी म्हटलं, तिखटामुळं असेल. सौ.नं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून कढई घासायला घेतली.

विहीणबाईंना नमस्कार.

आपला,
आदिनाथ

ता. क. – पेटीवर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. लग्नाला आपण आला नाहीत, वर्षभर तिचा फोनही उचलत नाही, तेव्हा 'ती पेटी माझी नव्हेच' असं आपण म्हणू शकता. पण दोरी बघताच पोर म्हणाली, "ही गाठ बाबांची." कात्री लावू दिली नाही. नखांनी सोडवली आणि ती दोरी आता तिच्या उशाशी आहे.

आणखी एक – डोहाळजेवण येत्या अकरा तारखेला. उभयतांनी यावं. माझ्या मुलावरचा राग सोबत आणलात तरी हरकत नाही, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत तो ठेवता येईल.