शालूच्या काठावरची शाई

६ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तडे! ग्राफीनची शाई पॉलिएस्टरवर छापली की मस्त वीज वाहते. कापडाची घडी घातली की संपलं. शेठ म्हणाले, सोमवारी अहमदाबादची गिऱ्हाईक पार्टी येतेय. घडी घालूनही दिवा पेटला तर ठीक, नाहीतर ग्राफीन बंद आणि वर्षाबेन परत साड्यांचे रंग जुळवायला. हसत म्हणाले, पण म्हणाले. मी नाही जायची परत!

८ जानेवारी

शाई कापडाला धरून ठेवणारा नवीन बाइंडर घातला. शाई इतकी घट्ट, छपाईच्या जाळीतून उतरेचना. आमचा छपाईवाला गजेंद्र म्हणतो, हे रस्त्यावर ओता, खड्डे बुजतील. मेला!

१० जानेवारी, शनिवार

जमली! शाई जाळीवरून सायीसारखी सरकते — पण पॉलिएस्टरवर तडे आहेतच. गजेंद्र म्हणाला, दोष कापडाचा, घट्ट विणीचं रेशीम बघ. आता कुठून आणू? आईचा लग्नातला शालू आठवला. विरलाय, गोधडीसाठी ठेवलाय, काठ तेवढा धड. मागितला. आई बराच वेळ त्यावरून हात फिरवत बसली, मग स्वतःच कात्री लावली. काठ जरीचा आहे, पण जर काय, प्लॅस्टिकचीच असणार. बाटली आणि जाळी घरी आणलीय.

११ जानेवारी, रविवार

पेटला!!! गोडादऱ्यातल्या आमच्या घरी, ओट्यावर! काठावर शाईची पट्टी छापली, इस्त्रीनं वाळवली, सेल आणि बारका एलईडी जोडला. घडी घातली — पेटलेला. चुरगळला, पिळला — पेटलेलाच! मी नाचले. आईही हसली, कशासाठी ते तिला कळलं नव्हतं. शेठना व्हिडिओ पाठवला. त्यांनी तो लगेच पार्टीला दाखवलासुद्धा. उद्या त्यांचे मोठे साहेब येतायत. मला आज जेवण जाणार नाही!

रविवार, संध्याकाळ

साहेबांना फरक दाखवावा म्हणून शाई न लावलेल्या काठाला तारा जोडल्या.

तरीही दिवा पेटला.

जर खरी आहे, चांदी-तांब्याची. वीज तीच वाहत होती, माझी शाई नाही. शेठना फोन करायचाय, अजून केला नाही.

आईला सांगितलं. तिच्या माहेरानं शालूला खोटी जर दिली म्हणून आजी, तिची सासू, तिला जन्मभर टोचत आली. आईनं मला परत तारा जोडायला लावल्या. पदर सावरून दिव्याकडे बघत राहिली.

"मन्हा बापनी खरी जर दिन्ही व्हती."