एर्वेचा खडक

पॅरिस, ३ नोव्हेंबर १८३४

नाही खरवडणार! वोसेल साहेबांना तोंडावर सांगून आले. नौदलाच्या नकाशाघरातले बाकीचे कोरणारे माना खाली घालून बसले होते. ब्रेस्ट बंदराच्या वाटेवरचा खडक – माझ्या नवऱ्याने पाहिलेला – नकाशा छापायच्या तांब्याच्या पत्र्यावरून पुसायचा म्हणे. "बाई, दोन जहाजांनी शोधला. दोरीला शिसं बांधून खोल सोडून पाहिलं. तळच लागत नाही."

उन्हाळ्यात शोधला की! एर्वेने पाहिला तो जानेवारीच्या वादळात, लाटा फुटताना. पुढच्याच वर्षी तो समुद्रात बुडाला. मेलेल्याला खोटं पाडायला काय लागतं?

४ नोव्हेंबर

बहीण म्हणते, "ताई, एवढासा ठिपका! त्यापायी हातचं काम घालवशील?"

ठिपका नाही. फुली आहे, भोवती टिंबांचं कडं. माझ्या हाताने कोरलेलं. बोलले नाही तिच्याशी. सूपही तसंच ठेवलं.

११ नोव्हेंबर

साहेब पत्रा दुसऱ्याकडे द्यायला निघाले होते. मी दोन्ही हात त्यावर ठेवून उभी राहिले. म्हटलं, "साहेब, असलेला खडक पुसलात तर माणसं मरतील. नसलेला राहिला तर कुणाचं काय बिघडतं? जरा लांबून जातील!"

साहेबांनी पत्र्यावरचा हात काढून घेतला. मग, "तुमच्यापुढे कोण हात टेकणार नाही! शेजारी 'संशयास्पद' कोरा, आणि सोडा एकदाचं."

जिंकले! येताना भाजलेली चेस्टनट घेतली, गरमागरम. बहिणीला अर्धी दिली.

२ डिसेंबर

नवी आवृत्ती छापून गेली. फुली जागेवर आहे.

१९ मार्च १८३५

दुपारी एक बाई आली. ब्रेतान्य प्रांतातली, डोक्याला पांढरी टोपी – नोलवेन नाव. इथे एका घरी कामाला लागलीय. दारावरचा शिपाई हाकलत होता, मीच आत घेतलं.

"माझा नवरा फेब्रुवारीत गेला. जहाज फुटलं. कुठे, ते बघायचंय. मला वाचता येत नाही, तुम्ही दाखवा."

मी नकाशा पसरला. किनाऱ्यालगतचे काळे खडक दाखवले. तिने त्यावर हात ठेवला, बराच वेळ.

"इतक्या जवळ का आलं जहाज?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कप्तान वाचला ना, तो सांगत होता. धुकं दाट. बाहेरच्या अंगाला खडक आहे म्हणून नकाशात होतं, तो चुकवायला किनाऱ्याकडे सरकले." मग माझा हात धरून म्हणाली, "देव भलं करो तुमचं, बाई. कुणी दाखवतच नव्हतं."

तिच्या हातापासून चार बोटांवर माझी फुली होती.

२० मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. फुली खरवडली, मागून पत्रा ठोकून खळगा सपाट केला. एर्वेने काहीतरी पाहिलं होतं – मरेपर्यंत म्हणेन! पण तिथे आता मोकळं पाणी आहे.