लाल टाचण्या

३ जून
आलो एकदाचे! कपाट उतरवताना नवऱ्याची कंबर धरली, आमची लेक चिमणी सगळ्या खोल्यांतून नाचून आली आणि मी चहाचं आधण ठेवलं, तेव्हा कुठे घर आपलं वाटलं. तिच्यासाठी घरी बसल्यानंतरची ही माझी पहिली नोकरी. गावच्या नव्या शाळेच्या जागेखालून भूकंपाची भेग जाते का, ते मी शोधून सांगायचं. चिमणी त्याच शाळेत जाणार. सध्या तिचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरतो म्हणे.

७ जून
पुरुषभर खोल चर खणून झाला. आत उतरून भिंत थापीने खरवडायची, म्हणजे मातीचे थर दिसतात. थरांना पांढऱ्या टाचण्या, भेगेला लाल. हिशेब सोपा आहे: जो थर भेगेने कापला, त्याच्यानंतर जमीन हलली. अगदी वरचा थर शाबूत असेल तर भेग झोपलेली. तोही कापला असेल तर ती जिवंत, आणि तिच्यावर काही बांधायचं नाही. आमच्या साहेबांना कशाचाच धीर नाही, चहासुद्धा तोंड भाजून घेत उभ्यानेच पितात. मी त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलंय.

१२ जून
भेग आहे. लाल टाचण्या लावत वर गेले, तर ती पार गवताच्या मुळांपर्यंत पोचलेली. घाईसाहेब म्हणाले, बाई, नीट बघा, वरचा तो तुमच्या थापीचा ओरखडा असेल. नाहीतर शाळा हलवावी लागेल, आणि दुसरी जागा मिळेपर्यंत पोरं पत्र्याखालीच. सकाळीच चिमणीला शेडमध्ये उकाड्याने भोवळ आली होती. साहेब चहाला गेले तेव्हा मी वरच्या टाचण्या उपटून खिशात टाकल्या, ओल्या तळव्याने ती जागा पुसली आणि मग फोटो काढले. ओरखडाच असेल. असेलच की!

२० जून
चर बुजवला. अहवालावर सही केली. साहेब खूश. नवी शाळा होणार म्हणून चिमणीने माझ्या गळ्यात हात टाकले, अन् मला मेलीला तिच्याकडे बघवेना. स्वयंपाकघराच्या भिंतीला बारीक तडा गेलाय. नवरा म्हणाला, नवा गिलावा आहे, जातातच तडे. तड्यात लांबी भरून टाकली.

२६ जून
तडा परत आला. ओट्यापासून छतापर्यंत. एका बाजूच्या फरश्या बोटभर खाली गेल्यात. आणि तड्यात लाल टाचण्या. माझा खिसा रिकामा. चिमणीवर ओरडले, तर ती रडकुंडीला येऊन म्हणाली, आई, मघाशी तूच तर लावत होतीस. नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. वाटलं, त्याला खरं काय ते सांगून टाकावं. त्याऐवजी लांबीचा डबा पुन्हा उघडला.

३० जून
तडा चिमणीच्या खोलीत. पलंगाखालून. दुपारी झोपलेली पोर उचलून घेतली — उशीवर टाचण्या, ओळीने — आणि तिच्या फ्रॉकला, छातीवर, मधोमध, एक — उद्या सांगणार. नोकरी गेली खड्ड्यात.

१ जुलै
साहेबांना फोनवर सगळं सांगितलं. हसले. म्हणाले, सही तुमचीच आहे, बाई. पायाचं काँक्रीट आजच पडतंय, पोरांना बघायला बोलावलंय.
चिमणीचा वर्ग!

१ जुलै, चरातून
भेग उघडी करून दाखवली तर काम थांबवतील. बुजवलेल्या चराचा कोपरा उकरला. आम्हीच भरलेली माती — तीही कापलेली. म्हणजे भेग पुन्हा हलली. मी पुसल्यावर हलली. पण कुठे आहे — जिथे थापी लावते तिथे भेग — इथे — इथेही — हात लिहितोच आहे, थांबत नाही —

पोरं आली. चिमणी काठावर. ओरडले, चिमणे, भेगेवर उभी आहेस, बाजूला हो! तिने पायाखाली पाहिलं. जमीन गुळगुळीत, पुसल्यासारखी —

माती हलतेय —

ती विचारतेय, आई, कुठल्या बाजूला होऊ? — मला माहीत होतं गं, टाचण्या होत्या, मीच — पुन्हा विचारतेय — डावीकडे म्हणू की —