आजोबांची एकच अट

गिरगाव, जून १९८३

आजोबा,

इस्राएलला कायमचे जाताना आपला धर्मादाय ट्रस्ट माझ्या हाती देऊन तुम्ही एकच अट घातलीत, "मिल्का, आपला यहुदी धर्म सांगतो, दान घेणाऱ्याची मान खाली जाता कामा नये."

लालबागच्या तुळसाबाईंनी मुलीच्या शाळेसाठी अर्ज केला. गिरणीच्या संपामुळे नवरा घरी बसलेला. चूक होऊ नये म्हणून मी शेजाऱ्यांकडे चौकशी केली.

संध्याकाळी त्या ऑफिसात आल्या. "अर्ज परत द्या, ताई. आमची उपासमार चार भिंतींत होती. तुम्ही ती चाळीच्या नळावर नेलीत."

मुलगी आता मिरच्यांचे देठ खुडायला जाते.

तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, "कुणाची मान खाली नाही ना गेली?" मी "नाही" लिहिते. आजही तेच लिहीन. हे पत्र ट्रंकेतच राहील.

तुमची मिल्का