उत्तर नाही तर चहा नाही

६ नोव्हेंबर १९९६, वडगाव निंबाळकर

आबा आजही बोलले नाहीत. नुसते बघतात. अंगावरून वारं गेल्यापासून उजवा हात गादीवर पडून — त्यांचा नसल्यासारखा. बारामतीचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजींना आवडीच्या विषयावर बोलतं करा."

आवडीचा विषय! माझ्या बापाला जन्मात एकच विषय आवडला — सारखे दिसणारे इंग्रजी शब्द. इंदापूरला सासरी निरोप धाडला, एवढ्यात येत नाही म्हणून.

७ नोव्हेंबर

घराचा नेम आठवला, हसू आलं अन् लगेच रडू. आमच्या दारात कुणीही येवो, चहा मिळायचा — पण आधी शब्दांच्या एका जोडीचा अर्थ सांगायचा. उत्तर येईपर्यंत आबा त्याच्या कपावर बशी पालथी घालायचे. माझ्या लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनाही सोडलं नाही! दूधवाल्या गेणबाला एकच जोडी येते — लूजमध्ये दोन ओ असले की ढिलं, एक असला की हरवणं. म्हणून आबा त्याला रोज तीच विचारायचे.

आबांची डिक्शनरी इंग्रजाच्या काळातली. 'शो'मध्ये ओच्या जागी ई घालायचं जुनं स्पेलिंगही ते शिकवायचे. पोरांचे मार्क जायचे, पालक भांडायला यायचे. आबा म्हणायचे, "शब्द मेला न्हाय, रिटायर झालाय. रिटायर माणसाला वळख द्यायची न्हाय व्हय?"

९ नोव्हेंबर

सकाळी चहा पुढे ठेवून विचारलं, "आबा, जी-ओ-ए-एल म्हणजे?" त्यांचा लाडका प्रश्न. हा खेळातला गोल, तर जी-ए-ओ-एल हे तुरुंगाचं जुनं स्पेलिंग. "दोन अक्षरं इकडची तिकडं झाली, की मैदानातला गडी थेट तुरुंगात," म्हणायचे.

आज ओठ हलले. घशातून आवाज आला, शब्द नाही. डोळे भरले. चहा घेतला नाही.

१० नोव्हेंबर

विचारलं. काही नाही. चहा तसाच निवला.

१२ नोव्हेंबर

चहा नाही, दूध नाही, पेज नाही. काहीही पुढे ठेवलं की आधी विचारते, सोप्यात सोपं. नुसते तोंड फिरवतात. डॉक्टर म्हणाले, उद्या पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. धाकटा भाऊ सुमित म्हणतो, "तुळसाताई, तू इचारत ऱ्हा. सोडू नगंस." अजून काय करू? मला काहीच सुचत नाही. फार एकटं वाटतं.

१३ नोव्हेंबर

आज कळलं.

चहा ठेवला, विचारलं. आबा बराच वेळ ओठ हलवत राहिले. मग डावा हात उचलला. बाजूची बशी धरली आणि स्वतःच्याच कपावर पालथी घातली.

उत्तर नाही, तर चहा नाही. अंगावरून वारं गेलं तरी स्वतःला सवलत नाही! आणि प्रश्न विचारून विचारून मीच त्यांना उपाशी ठेवत होते. कुठल्या तोंडाने सांगू कुणाला?

बशी काढली. म्हटलं, "आबा, आता प्रश्न न्हायत. शाळा सुटली." चमच्याने पाजला. प्यायले. मी चुलीपाशी जाऊन पदरात तोंड खुपसून रडले.

१५ नोव्हेंबर

पेज घेतली. नळी टळली. घरात कुणी काही विचारायचं नाही, असं बजावलंय. गेणबा सवयीने "दोन ओ" म्हणायला लागला, त्यालाही गप्प केलं.

२ डिसेंबर

आबा बोलले. गेणबा दूध घालून वळला, तर म्हणाले, "बस. चहा घे." अगदी स्पष्ट! सुमित धावत आला. गेणबा कप हातात धरून अवघडून उभा. "गुरुजी, आज शब्द न्हाय इचारला?"

आबांनी गोंधळून त्याच्या कपाकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"कसला शब्द, तुळसा?"