संदलीखालचे निखारे

सैयोरा आपा,

इस्तरवशनच्या घरी आपण हिवाळाभर संदलीत पाय घालून बसायचो, आठवतं? ठेंगण्या मेजाखाली निखारे आणि वरून जाड गोधडी. कोणाचा पाय निखाऱ्यांजवळ जास्त वेळ टिकतो, यावर आपली पैज लागायची. मी पाय ओढून घेतला की तू म्हणायचीस, "भित्रा कुठला."

यंदा मी जिंकलो.

रक्तात साखर निघाल्यावर मी गोड चहा सोडला, वाळवलेली तुतीसुद्धा सोडली. मला वाटलं, झालं. डॉक्टरीणबाईंनी पाय रोज निरखून बघायला सांगितले, ते मात्र हसण्यावारी नेलं. सून मुनीरा म्हणायची, "बाबा, पाय मागे घ्या ना, मला इथं चटके बसतायत." मी म्हणायचो, "तुमची पिढीच नाजूक गं." या वयातही आपल्याला काही भाजत नाही, याचा मला तोरा होता. शेवटी वास तिलाच आला. मोजा काढला, तर कातडी मोज्याबरोबर आली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कापावी लागली. आपा, तोवर मला दुखलंच नव्हतं.

परवा तू फोनवर म्हणालीस, "साखर असेना का, माझे पाय अजून पोलादी आहेत. निखाऱ्यालाही दाद देत नाहीत." आणि मी नुसता हो हो करत राहिलो.

म्हणून हे लिहायला बसलो. पण हे वाचून तू हसशील आणि पाय आणखी आत सरकवशील. त्यापेक्षा पाठवतच नाही. उद्याच्या गाडीनं पंजकेंतला येतो आणि तुझ्यासमोर मोजा काढतो.

तुझा भित्रा,
सलोहिद्दिन