आवाज कधी बसला

गोडादरा, सुरत
२ जून २०२५

चि. सौ. शोभास नानाचे अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र टाकले म्हणून घाबरू नकोस. आवाज बसला आहे, आणि मोबाइलवर अक्षरे दाबणे मला जमत नाही. गुरुवारी कामरेजहून गजेंद्रचा फोन आला. मी दोनदा हॅलो म्हटले, पण नुसती हवा निघाली. नेटवर्क नाही असे समजून पोराने फोन ठेवला. तेव्हा मला कळले.

औषधाच्या दुकानदाराने बॅटरी मारून तोंडात पाहिले आणि काकडा आहे म्हणाला. चघळायच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या तरी फरक नाही, म्हणून आज गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, साधी घसादुखी आठवड्यात बरी होते. पण आवाज तीन आठवडे घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे, बिडी ओढणाऱ्याने तर टाळूच नये. मग विचारले, किती दिवसांपासून?

मला सांगता येईना. मुलगा कामरेजला राहायला गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. आवाज चार दिवसांपूर्वी गेला की महिन्यापूर्वी, कोणास ठाऊक. मी चार दिवस सांगून आलो. तेव्हापासून जिवाला घोर आहे.

तुझ्या घरच्या सर्वांना आशीर्वाद. लोभ आहे तो राहू दे.

तुझा नाना

पारोळा
९ जून २०२५

ती. नानास शोभाचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून आधी छातीत धस्स झाले, मग काकड्याचे वाचून बरे वाटले. जेठात काकडा कसा, असे सूनबाई म्हणाली, पण शहरातल्या देवळात रोज होत असेल. पहाटे चार माणसांत जाऊन बसतोस, हे वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा ऐकले. सर्वांच्या वरताण गात असशील. वर्गात गप्प बसेना म्हणून मास्तरांनी तुला चौथीतूनच घरी धाडले, ती खोड कुठे जाणार.

पण घसा काकड्याने बसलेला नाही. आखाजीला तू फोन केलास तेव्हाच आवाज फाटका होता. दर वाक्याला खाकरत होतास. ती तीस एप्रिल, भिंतीवरचे कॅलेंडर पाहून लिहिते आहे. म्हणजे आज चाळीस दिवस झाले. डॉक्टरीणबाईंना चार दिवस सांगितलेस ते आधी दुरुस्त कर आणि मोठ्या दवाखान्यात जा. आमच्या गावच्या आशा सेविका वर्षा विचारत होत्या, घास अडकतो का, मानेला गाठ लागते का, थुंकीत रक्त येते का. श्वास लागला किंवा लाळही गिळवेना, तर त्याच घटकेला दवाखाना गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

बिडी ओढून वर मला पत्र लिहू नकोस. माया आहेच, ती मागू नकोस.

तुझी शोभा

गोडादरा, सुरत
१७ जून २०२५

चि. सौ. शोभास आशीर्वाद.

काकडा म्हणजे इथे घशातले टॉन्सिल. इतकी वर्षे गुजराती कानावर पडून मराठीतला काकडा विसरलो. मी कोणत्या देवळात जात नाही, गात नाही. हे लिहू नये असे दोन दिवस वाटत होते, तुला बरे वाटले होते म्हणून.

सरकारी दवाखान्यात गेलो. तारीख विचारली तेव्हा तुझे पत्र पुढे केले. डॉक्टर गुजराती, पण आकडा वाचून मान वर केली. नाकातून बारीक नळी घालून घसा पाहिला. आवाजाच्या पडद्यावर छोटी गाठ आहे. तिचा तुकडा काढून तपासणार, मग कळेल साधी की वाईट. वेळेत आलात म्हणाले. घास अडकत नाही, रक्त नाही. बिडी सोडली, हात मात्र अजून खिशाकडे जातो.

३० तारखेला, सोमवारी सकाळी आठला दाखल व्हायचे आहे. सोबत घरचा माणूस पाहिजे. मी एकटाच आहे म्हणालो, तर चालणार नाही म्हणाले. तू गजेंद्रला फोन कर. आजवर मी त्याला प्रत्येक वेळी सांगत आलो, सुटी मिळाली तर ये, नाही तर राहू दे. या वेळी तेवढे सांगू नकोस.

बाकी ठीक. आठवण ठेव.

तुझा नाना